तेलाच्या बाटलीवरचा माझा चेहरा काढून टाकण्याबाबत

मी, श्रीमती त्रिवेणी किशनराव गजभारे, वय वर्षे अडुसष्ट, सेवानिवृत्त स्टाफ नर्स, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, आज बुधवार दिनांक ११ फेब्रुवारी २०२६ रोजी माझ्या राहत्या घरी बसून, कोणाच्याही दबावाखाली न येता, कोणी फूस न लावता, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. वकील शशिकांत देशमुख यांच्या मसुद्यात सुरुवातीला "मानवी जीवन क्षणभंगुर असल्यामुळे" असे वाक्य होते. ते मी खोडायला लावले. मला काही झालेले नाही. जे झाले ते दुसऱ्या बाईला झाले.

माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला लावले. सगळे बरोबर आले. त्यांनी विचारले नाही, पण सांगते, की नऊ डिसेंबरपासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. भाजी चिरता चिरता सुरी हातात धरून उभी राहते. तरीही खाली काय लिहिते आहे ते मला पूर्ण कळते.

कलम १. यापूर्वी २२ डिसेंबर २०२५ रोजी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या मृत्युपत्राने रद्द समजावे.

त्यात माझी एकुलती एक मुलगी तेजश्री हिला "माझ्या चेहऱ्याचा व शब्दांचा गैरवापर केल्यामुळे" काहीही दिलेले नव्हते आणि घर माझा धाकटा भाऊ धम्मानंद सोनकांबळे याच्या नावे केले होते. वकील म्हणाले होते, "ताई, आठ दिवस थांबा, मग सही करा." मी थांबले नाही. धम्मानंद त्याच संध्याकाळी टेप घेऊन आला आणि आतल्या खोलीच्या खिडकीची रुंदी मोजून गेला. एसी बसतो का बघत होता. धम्मा, रागावू नकोस. आईची पितळी घागर तू न विचारता नेलीस त्याला एकोणीस वर्षे झाली. ती आता रीतसर तुझी. घर मात्र नाही.

गैरवापराचे ते वाक्य माझेच होते आणि ते खोटे आहे. कसे खोटे, ते कलम चारमध्ये येईल.

कलम २. मी कोण आणि या तेलांच्या नादी कशी लागले, हे माझ्या नातीला, तन्वीला, पुढे कळावे म्हणून लिहिते. तिला मराठी वाचता येत नाही म्हटले तरी चालेल. तन्वी, कुणाकडून तरी वाचून घेशील.

मी देगलूर तालुक्यातली. लग्न होऊन हैदराबादला आले. किशनराव जामबागच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. मी चौतीस वर्षे सरकारी नोकरीत नर्स म्हणून काढली, त्यातली एकवीस मेडिकल वॉर्डात. वॉर्डात मी एकदा एका पेशंटच्या औषधाचा डोस दुप्पट लिहिला गेलाय असे एका नव्या डॉक्टरांना दाखवले. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला काय कळतं?" आणि माझे आडनाव विचारले. आडनाव का विचारले ते सगळ्यांना कळले. डोस चुकलेलाच होता, नंतर गुपचूप सुधारला. मला कोणी काही म्हणाले नाही. हे मी कधी विसरले नाही, आणि विसरले नाही हेच पुढे नडले असे आता वाटते.

किशनरावांच्या शेवटच्या वर्षी घराला दवाखान्याचा वास लागला होता. त्यांना जेवण जाईना. वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरने वाळ्याचे तेल दिले, म्हणाली उशीवर दोन थेंब टाक. टाकले. तासाभराने ते म्हणाले, "पाणी दे गं. माठातलं दे." कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही मागितले होते. रोग हटला नाही, अडीच महिन्यांनी ते गेले. पण ते अडीच महिने बरे गेले, हे मी अजूनही म्हणेन.

निवृत्तीनंतर मी सुगंधोपचाराचा सहा महिन्यांचा कोर्स केला. लव्हेंडर, रोशा गवत, गवती चहा, दवणा, वाळा. कुठले तेल कातडीवर सरळ लावायचे नाही, म्हाताऱ्या माणसाला शंभर थेंब तिळाच्या तेलात एकच थेंब, लहान मुलांच्या नाकाजवळ निलगिरी न्यायची नाही, पोटात तर काहीच घ्यायचे नाही. हे सगळे मी नीट शिकले. नल्लकुंट्यातल्या बायका येऊ लागल्या. कुणाला झोप नाही, कुणाचे गुडघे, कुणाचे नुसतेच कोणी नाही. मी पाय चोळायची, त्या बोलायच्या, मग झोपायच्या. हे काम चांगले होते. त्याबद्दल मला लाज नाही.

कलम ३. भामा लक्ष्मणराव बिरादार ही गौलीगुड्यात राहते. वय एकाहत्तर. मूळची उदगीरकडची, शेतकऱ्यांच्या घरची. लक्ष्मणरावांचे धान्याचे दुकान होते, आता बंद आहे. माझ्याकडे ती सहा वर्षे दर मंगळवारी आणि शुक्रवारी येत होती. पहिली दोन वर्षे पैसे दिले, मग मीच घेईनासे झाले. माझ्या सख्ख्या बहिणी तिघी. जी गोष्ट तिघींना सांगितली नाही ती भामाला सांगितलेली आहे.

तिला बीपीचा त्रास. पाय चोळून झाले की मी यंत्राने बीपी मोजून वहीत लिहायची. आकडा उतरलेला असायचा. "बघ," मी म्हणायची, "तेलानं उतरलं." ती रोज सकाळी दोन गोळ्या घेऊन येत होती. आकडा गोळ्यांचा होता, आणि थोडा शांत पडून राहण्याचा. कुठल्याही पहिल्या वर्षाच्या नर्सला हे कळले असते. गेल्या ऑगस्टात यंत्राचे सेल संपले. चार सेल आणायला मला चार महिने सवड झाली नाही, कारण मला खात्री होती.

९ डिसेंबर, मंगळवार, सकाळचे दहा वाजून गेले होते. भामा चटईवर पाय लांब करून पडली होती. डावा पाय झाला, उजवा घेतला. ती म्हणाली, "त्रिवेणी, आज वास येईना गेलाय." मी म्हणाले, सर्दी असेल. मग ती काहीतरी बोलली ते मला कळले नाही. वर बघितले तर तोंडाची उजवी बाजू खाली आली होती.

मी नर्स आहे. काय झाले ते मला त्या क्षणी कळले. तिला कुशीवर वळवले. फोन घेतला तर हात तेलाने भरलेले, काचेवर बोट नुसते सरकत होते, १०८ लागेना. हात साडीला पुसले, पुन्हा केले, पुन्हा सरकले. शेवटी पोलक्याच्या बाहीने काच पुसली तेव्हा लागला. त्यात किती वेळ गेला मला माहीत नाही.

मी विचारले, "भामा, सकाळी गोळी घेतलीस ना?"

ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "कोन्ती गोळी? तूच तर सोड म्हनलीस."

ॲम्ब्युलन्सच्या पोराने पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशे चोवीस. तोही तेच विचारू लागला, "अम्मा, इनो टॅबलेट लेते क्या?" मी भामाची चप्पल शोधू लागले. माझ्या अंगाला लव्हेंडरचा वास येत होता.

कलम ४. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भामाचा मुलगा प्रशांत आला. तो बँकेत आहे. कडेवर होता तेव्हापासून नाही, पण सहा वर्षे तो मला ओळखतो. त्याने आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यात मी भामाचे पाय चोळत होते आणि म्हणत होते, "त्या गोळ्यांचं पोतं कशाला भरतीस? ह्याच्यावरच राहा. सोडून दे."

"हे तुम्हीच ना, मावशी?"

मी म्हणाले, "मी असं बोललेच नाही. माझ्या तोंडी कुणीतरी घातलंय."

तो म्हणाला, "तुम्ही नर्स होतात, मावशी." एवढेच. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

हा तुकडा तेजश्रीने टाकला होता. तेजश्री माधापूरला कंपनीत होती. नोकरी गेल्यावर तिने माझ्या तेलांच्या बाटल्या विकायला सुरुवात केली. बाटलीवर माझा पांढऱ्या साडीतला, नर्सचा, हसरा फोटो. फोनवर माझे छोटे छोटे व्हिडिओ, खाली तेलुगू आणि हिंदी ओळी. मी असे बोलल्याचे मला आठवत नव्हते. म्हणून मी ठरवले की पोरीने पुढचे मागचे कापून जोडले. झोपेच्या गोळीबद्दल बोलले असेन, तिने बीपीला लावले. मी तिला फोनवर नको नको ते बोलले. तिने व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाकला, पण उलट उत्तर दिले नाही. तिचे गप्प बसणे मी गुन्ह्याची कबुली समजले आणि २२ तारखेला सही केली.

४ जानेवारीला, रविवारी, ती लॅपटॉप घेऊन आली. तन्वी बरोबर होती. तेजश्री म्हणाली, "आई, मी काही बोलणार नाही. तू फक्त सगळं बघ." मूळचे, न कापलेले रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचे होते. ऑगस्टातले.

मी पाहिले. सत्तावीस मिनिटांनंतर मी म्हणते, सोडून दे. भामा मान वळवते आणि म्हणते, "अगं, डॉक्टर ओरडंल की." आणि मी, त्रिवेणी गजभारे, तिच्या टाचेला अंगठा देत म्हणते, "डॉक्टरला काय कळतंय? चौतीस वर्षं मी बघितलेत डॉक्टर."

मग कॅमेऱ्यामागून तेजश्रीचा आवाज येतो. "आई, गोळ्यांचं बोलू नकोस."

आणि माझा. "तू गप बस. तुला काय कळतं?"

तेजश्रीने हे शेवटचे कापले होते. मी वाईट दिसू नये म्हणून कापले होते.

मी ते तीनदा लावायला सांगितले. चेहरा माझा, आवाज माझा, हातातली तेलाची वाटी माझी. ते बोलल्याची मला आजही आठवण नाही. त्या बाईला मी कुठे भेटले असते तर तिच्या हातात थर्मामीटरसुद्धा दिला नसता. तन्वी माझ्या तोंडाकडे बघत होती. ती पंधरा वर्षांची आहे. मी दर रविवारी तिला शेजारी बसवून पंचशील म्हणत आले, चौथे शील खोटे न बोलण्याचे. व्हरांड्यात प्रशांतला मी जे सांगितले ते खोटे होते, आणि सांगताना मला ते खरे वाटत होते. याचा धक्का मला भामाच्या वाकड्या तोंडाहून कमी बसला नाही.

तेजश्री निर्दोष आहे असे मी लिहिणार नाही. तिला ते बोलणे चूक वाटले होते, तरी तिने तेवढाच तुकडा टाकला, कारण तो लोकांनी पाहिला असता. हे तिला मी तोंडावर सांगितले आहे आणि तिने मान्य केले आहे. पण शब्द माझे होते. गैरवापर मी केला.

कलम ५. माझे नाव, फोटो, आवाज याबाबत. "त्रिवेणी" नावाची एकही बाटली यापुढे विकू नये. बाटलीवरचा माझा चेहरा काढून टाकावा. शिल्लक लेबले जाळली आहेत. माझ्या मृत्यूनंतर कोणाही वारसाने माझा नर्सच्या वेषातला फोटो कुठल्याही तेलाला, मलमाला, साबणाला लावू नये. उद्या कोणी यंत्राने माझा आवाज करून बोलायला लावेल, असे तन्वी म्हणते. तेही नको.

त्या व्हिडिओखाली लोकांनी काही लिहिले होते, ते तेजश्रीने काढण्याआधी उतरवून ठेवले होते. मला वाटले होते, कौतुक असेल. कौतुकच होते. त्याच रविवारी तन्वी वाचत गेली. "अम्मा, नेनु कूडा मानेसानु." कळूनही मी विचारले, काय लिहिलंय? तिने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. म्हणाली, "आज्जी, 'मी पण सोडल्या' म्हणतायत." खाली आणखी एक. "शुक्रिया अम्मा, मैं बी छोड़ दी." त्याखाली आणखी. असे तेवीस निघाले. 

तेवीसही जणांना आम्ही तिघींनी लिहिले. नंबर मिळाला तिथे मी स्वतः बोलले. काहींनी शिव्या दिल्या, त्या मी पुऱ्या ऐकल्या. वरंगलचे एक मास्तर रडले. एकवीस जण परत डॉक्टरकडे गेल्याचे कळले. दोन नावांकडून उत्तर नाही. एक 'लक्ष्मी ७७' आणि एक 'अब्बाजान की दुआ'. त्यांचे काय झाले मला माहीत नाही.

१५ जानेवारीला मी नवीन व्हिडिओ केला. साध्या साडीत. त्यात मी नाव, वय, नोकरी सांगून म्हटले आहे की मी चुकीचे बोलले, माझी मैत्रीण त्यामुळे आजारी पडली, तेलाने झोप येईल, मन हलके होईल, पण एकही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. हा व्हिडिओ तेजश्रीने, आणि तिच्यानंतर तन्वीने, कधीही काढू नये. उत्तर न आलेल्या त्या दोन नावांना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विचारत राहावे. उत्तर येईपर्यंत विचारावे. घर मिळण्यासाठी ही अट आहे.

कलम ६. नल्लकुंट्यातल्या दोन खोल्या, दुसरा मजला, वरील अटीसह तेजश्रीला. पोस्टातली शिल्लक तन्वीच्या शिक्षणाला. किशनरावांचे घड्याळ तन्वीला. ते दहा मिनिटे पुढे जाते, दुरुस्त करून वापर.

कलम ७. कामाचे सामान. अर्क काढायचे तांब्याचे भांडे, काचेच्या पिपेट, तराजू, तिळाच्या तेलाचे डबे, आणि मिश्रणांची लाल वही, हे सर्व माझी शिष्या रेणुका हिला. रेणुका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनीस आहे, हात हलका आहे आणि मुख्य म्हणजे कमी बोलते. रेणुका, कुणाच्याही पायाला हात लावण्याआधी गोळ्यांचा डबा बघायला माग. डब्यातला कालचा खण भरलेला दिसला तर तेलाची बाटली उघडू नकोस, घरच्यांना फोन कर. वही वापर, पण त्यातली शेवटची तेरा पाने, भामाच्या बीपीच्या आकड्यांची, फाडू नकोस. बाजूला मी लाल शाईने खरे काय ते लिहिले आहे.

बीपीचे यंत्र मी नवे आणले. सेलसकट. तेही तुला.

आधी भरून ठेवलेल्या बाटल्या मोरीत ओतू नयेत, वासाने सगळी इमारत आजारी पडेल. रेणुकाने त्यांच्यावर नुसते आतल्या तेलाचे नाव आणि तारीख चिकटवून वापराव्यात.

कलम ८. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात. मेणबत्ती आणि साधी अगरबत्ती चालेल. माझ्या अंगाला तेल, अत्तर काही लावू नये. पांढरी साडी घालावी, नर्सची नव्हे.

कलम ९. भामा लक्ष्मणराव बिरादार हिला मी काही देऊ शकत नाही. कारण असे.

गेल्या रविवारी मी गौलीगुड्याला गेले. त्याआधी दोनदा गेले होते तेव्हा प्रशांतने दार उघडून परत लावले होते. या वेळी लक्ष्मणरावांनी उघडले. भामा खुर्चीत होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. बोलणे आता सावकाश येते. मी जमिनीवर बसले आणि सगळे सांगितले. व्हरांड्यातले खोटे, ते रेकॉर्डिंग, तेवीस माणसे. ती ऐकत होती. मग मी म्हणाले, "भामा, मी मृत्युपत्र करायलेय. पोस्टातलं सगळं तुझ्या नावावर करते."

ती म्हणाली, "नक्को."

"मग तुला काय देऊ?"

 लक्ष्मणराव पाणी घेऊन आले आणि उभेच राहिले. भामा म्हणाली, "तू लिव. सगळं लिव. कमी-जास्त करू नको. मी... साक्षी करते."

लक्ष्मणराव म्हणाले, "अहो, हिचा हात चालत नाही."

"डावा हाय की," भामा म्हणाली.

वकिलांनी सांगितले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये. म्हणून तिच्या नावापुढे काही नाही. जे मी बोलले ते तिला वाचून दाखवले जाईल आणि त्याखाली तिची सही राहील, एवढेच तिने मागितले.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील शशिकांत देशमुख करतील. वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

ठिकाण: नल्लकुंटा, हैदराबाद. दिनांक ११ फेब्रुवारी २०२६, सकाळी साडेअकरा.

सही: त्रिवेणी किशनराव गजभारे

साक्षीदारांबाबत दुरुस्ती, माझ्या हाताने:

दुसरे साक्षीदार म्हणून वकिलांचे कारकून उदय यांचे नाव टाइप केले होते, ते खोडले आहे. भामाला खुर्चीसकट दोन मजले प्रशांतने आणि उदयने वर आणले. प्रशांत आत आला नाही, गॅलरीत पाठ करून उभा राहिला. वकिलांनी मृत्युपत्र मोठ्याने वाचले. कलम तीन चालू असताना तो दारात आला. कलम चारला आत आला. भामाने डाव्या हाताने सही केली, तिला सहा-सात मिनिटे लागली, कोणी मदत केलेली तिने चालू दिली नाही. उदयने पेन घेण्यासाठी हात पुढे केला तेव्हा प्रशांत म्हणाला, "थांबा. मी करतो. लिहिलंय ते खरं आहे, म्हणून करतो." हे तो वकिलांकडे बघून म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. नात्याचा रकाना त्याने कोरा ठेवला आहे. तो कोणीही भरू नये.

दुरुस्तीखाली पुन्हा सही: त्रिवेणी किशनराव गजभारे

साक्षीदार १: भामा लक्ष्मणराव बिरादार, गौलीगुडा (डाव्या हाताने)
मृत्युपत्र करणारीशी नाते: मैत्रीण

साक्षीदार २: प्रशांत लक्ष्मणराव बिरादार, गौलीगुडा
मृत्युपत्र करणारीशी नाते: